सभासद नव्हे, अवयव

आमच्या दाजींइतका थकवणारा भला माणूस साऱ्या जालना तालुक्यात दुसरा झाला नसेल. भली माणसं पुष्कळ असतात, थकवणारीही पुष्कळ असतात. पण ज्यानं आपल्यासाठी जीव टाकावा आणि ज्याला लांबून येताना पाहून आपण मागच्या दारानं निघून जावं, अशी माणसं थोडी. दाजी म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई त्यांना दाजी म्हणायची, म्हणून आम्ही पोरंही दाजी म्हणायला लागलो आणि हळूहळू निम्मं गाव. एका मिशन दवाखान्यात त्यांनी उभी हयात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात घातली. ड्रेसर म्हणून निवृत्त झाले, राजूरच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी येऊन राहिले, आणि तेव्हापासून गावात कुणाला साधं खरचटण्याचीही सोय उरली नाही. एकदा आमच्या शेजारणीचं बोट विळीवर कापलं, तिनं हळद दाबली आणि ती भाकरी थापायला बसली. दाजींनी तिला चुलीपुढून उठवलं, हळद धुतली, पट्टी बांधली आणि जखम आतून कशी भरत येते हे इतकं सावकाश समजावलं की तव्यावरची भाकरी जळली. नवरा जेवायला आला तेव्हा त्याला भाकरीच्या जागी व्याख्यान मिळालं.

पण पट्ट्या परवडल्या. दाजींचा खरा नाद एका शब्दाचा होता. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. कौलारू देऊळ, समोर लिंबाचं झाड, आणि रविवारी जालन्याहून सायकलीवर येणारे पाळकसाहेब. इथं बाप्तिस्मा झालेला आणि जाणत्या वयात दृढीकरण घेऊन तो पक्का केलेला माणूस म्हणजे सभासद, असं सगळे म्हणत. दाजींना तो शब्द खपत नसे. “सभासद दूध सोसायटीचा असतो,” ते म्हणायचे. “सभा उठली की सभासद घरी जातो. शास्त्रात मंडळीला शरीर म्हटलंय. मी अवयव हाय.” कुणी म्हणेल, तो तर दृष्टांत आहे. पण ज्या माणसानं आयुष्यभर खरे हात आणि खरे पाय धुतले, त्याला दृष्टांत कसा कळावा? सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा स्वतःची ओळख ते “मी इथल्या मंडळीचा अवयव” अशी करून द्यायचे. मुलीकडची माणसं एकमेकांकडे बघत राहायची आणि मावशी पदरात तोंड लपवायची. बसथांब्यावरच्या चहावाल्या चाचांनी एकदा विचारलं, “अवयव तो ठीक है ड्रेसरसाब, मगर कौनसा पुर्जा?” दाजी चहा तसाच टाकून उठले. पुढच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन सांगून आले, “चाचा, टाच. तिची कुणी तारीफ करत न्हाई, पण फुटली की चालणं बंद.” चाचा चहा गाळत म्हणाले, “एड़ी है तो फिर इतना बोलती कायको है?”

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण मोठा दुष्काळ पडला आणि हसण्यासारखं फारसं काही उरलं नाही. वडील दम्यानं अंथरुणाला खिळलेले. विहिरींनी तळ दाखवलेला. मी जालन्याला कॉलेजात होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, हे मी कुठंही सांगते, कारण ते आम्हाला कुणी फुकट दिलेलं नाही. ते आईनं खडी फोडून दिलं. ती राजूरच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला जायची. उन्हात बसून दगड फोडायचे, दुपारी कामावर वाटलेली सुकडी खायची, संध्याकाळी रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या भाकरी थापायच्या. मी सुट्टीला घरी यायचे तेव्हा ती बोलत नसे. रुसलेली नव्हती. बोलायलाही ताकद लागते, तेवढी तिच्याजवळ उरत नसे.

कामाला सुट्टी असायची ती बाजारच्या दिवशी. रविवार तिथं इतर दिवसांसारखाच. रविवारी न जावं तर हजेरी बुडायची आणि घरी चूल पेटायची नाही. त्यामुळे आमची निम्मी मंडळी रविवारी देवळात नसून रस्त्यावर असायची. शेजारी खडी फोडणारी बौद्धवाड्यातली जिजी आईला डिवचायची, “तुमच्या देवाला बाजारची सुट्टी चालत न्हाई वाटतं. आमचं बरंय बाई, वंदनेला वार लागत न्हाई.” आई म्हणायची, “देवाचं काय न्हाई गं जिजी, पंचांचं हाय.”

आणि ते मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांचंच होतं. मंडळीचा जुना नियम होता की जो सलग महिनोन्‌महिने उपासनेला येत नाही तो ‘थंडावलेला सभासद’. त्याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली प्रभूच्या नावानं मोडलेली भाकर, नाही, आणि तो तसाच राहिला तर शेवटी नाव कमी. पंचांचे प्रमुख म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, गुरुजी. माणूस सरळ, पण सरळ म्हणजे फूटपट्टीसारखा. ईस्टरच्या आधी त्यांनी देवळात थंडावलेल्यांची नावं वाचली, त्यात आईचं होतं. ऊन डोक्यावर घेऊन दगड फोडणारी बाई थंडावली! मला संताप आला. आईला संताप आला नाही, ती घाबरली. तिचं दुःख प्रभुभोजनाच्याही पलीकडचं होतं. माझ्या पाठचा भाऊ दोन वर्षांचा होऊन गेला, तो मिशनच्या दफनभूमीत कोपऱ्यातल्या बाभळीखाली आहे. आणि तिथं जागा मिळायची ती फक्त मंडळीच्या माणसाला. आई एवढंच म्हणाली, “मला मोठेपणा नको, काय नको. मेल्यावर लेकराशेजारी टेकू द्या, बस.”

दाजींनी ते ऐकलं आणि सदरा चढवून पंचांच्या बैठकीला गेले. तिथं काय झालं ते मला मावशीकडून कळलं. दाजींनी सुरुवात बरी केली. शरीराचा हात जखमी झाला म्हणून कामावर आला नाही तर त्याला कापून टाकतात का, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण ते रंगात आले आणि मंडळीतला कोण कुठला अवयव हे सांगू लागले. पाळकसाहेब जीभ, गाणी म्हणणाऱ्या बाया गळा, खजिनदार पोट. गुरुजींनी नको तो प्रश्न विचारला, “आणि मी?” दाजींनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही अक्कलदाढ. जागा थोडी अन्‌ ठणका साऱ्या तोंडाला.” बैठक तिथंच संपली.

आईनं कपाळाला हात लावला. “दाजी, तुमाला दात बघायला बोलावलं व्हतं का? माझं नाव तिथं टांगून राह्यलंय.”

“खोटं कसं सांगू बाई? त्यांनीच इचारलं.”

“मंग चूप बसायचं.”

“ते मला येत न्हाई,” दाजी म्हणाले, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

त्यानंतर दाजींनी जे केलं त्याला युक्ती म्हणता येणार नाही, कारण युक्ती त्यांच्या स्वभावात नव्हती. ते फक्त रोज संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. तेच वाक्य, तोच हात, तीच जखम. गुरुजी म्हणायचे, “नियम सगळ्यांना सारखा, ड्रेसर.” दाजी म्हणायचे, “बराबर हाय गुरुजी. उद्या येतो.” आणि उद्या यायचे. गुरुजींनी देवाचा विषय काढला तरी ऐकायचे, पावसाचा काढला तरी ऐकायचे, आणि उठताना तेच वाक्य सांगून जायचे. मधल्या काळात त्यांनी गुरुजींच्या पायाचं जुनं कुरूप बरं केलं, त्यामुळे त्यांना हाकलूनही देता येईना. गुरुजींच्या बायकोनं मावशीला निरोप धाडला, “तुमचं माणूस आवरा, आमच्या माणसाला जेवण गोड लागंना.” मावशीनं उलट निरोप दिला की तिला ते इतक्या वर्षांत आवरलेले नाहीत.

शेवटी गुरुजींनीच बैठक बोलावली. म्हणाले, “मला काही पटलेलं नाही, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. पण मी थकलो.” असं ठरलं की दुष्काळी काम चालेल तोवर बाजारच्या दिवशी दुपारी एक उपासना घ्यायची, आणि त्या उपासनेला येईल तो थंडावलेला नाही. मोठमोठ्या गोष्टी माणसं पटून करतात असं मी पुस्तकांत वाचलं होतं. पुष्कळशा थकूनही होतात, हे तेव्हा कळलं.

पहिल्या बाजाराच्या उपासनेला मी होते. देऊळ कधी नव्हे ते भरलेलं. बायकांच्या मांडीशी पिशव्या, त्यांतून कांद्याच्या पाती डोकावतायत. पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला आणि एकेक मान कलंडली. आईही बसल्या जागी झोपली. गुरुजींनी ते पाहिलं. मला वाटलं, आता उठवतील. त्यांनी शेजारच्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला बाहेर जाऊन खोकायला सांगितलं. प्रभुभोजनाची वेळ झाली तेव्हा मी आईला हलवलं. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना दाजींनी बांधलेल्या पट्ट्या होत्या, भाकरीचा तुकडा तिला चिमटीत धरता येईना. पाळकसाहेबांनी तो तिच्या तळव्यावर ठेवला, तिनं तोंड खाली नेऊन तळव्यावरूनच घेतला. प्रार्थना चालू होती. साऱ्यांचे डोळे मिटलेले. फक्त दाजी वाकून आईच्या करंगळीची सैल झालेली गाठ घट्ट करत होते.

पाऊस पडला, कामं बंद झाली, आणि बाजारची उपासनाही बंद झाली. मी बी.ए. झाले. दाजींना पुढं ऐकू येईनासं झालं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं आणखीच अवघड झालं. त्यांच्या दफनाला गुरुजी आले होते, काठी टेकत. परतताना मला म्हणाले, “तुझ्या दाजीला मला अजून उत्तर द्यायचं होतं. सुचतच नव्हतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. आताशा संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याजवळ कुणी बसत नाही, असं त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं.

दाजींनंतर दोन वर्षांनी आई गेली. तिच्या वेळेला कुणी नियम काढला नाही, कुणाला काही विचारावं लागलं नाही. मिशनच्या दफनभूमीत कोपऱ्यातल्या बाभळीखाली, तिच्या लेकराशेजारी तिला जागा मिळाली.