उत्तर येईस्तोवर उभं राहायचं

नसीमआपा गेल्याचं मला कळलं ते आमच्या सेंटरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. जोडलेले हात, फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'... आणि लगेच खाली नव्या बॅचची जाहिरात. शिसारी आली मला. ज्या संचालकांनी दिवाळीआधी या बाईला घरी बसवलं, त्यांनीच टाकलेलं हे.

गारखेड्यातल्या या खाजगी ट्रेनिंग सेंटरमध्ये मी वेल्डिंग शिकवतो, आपा सॉफ्ट स्किल शिकवायच्या. संचालकांच्या लेखी सॉफ्ट स्किल म्हणजे टाय बांधायचा, हसायचं आणि 'येस सर' म्हणायचं. आपांचं तंत्रच निराळं. गंगापूर-वैजापूरकडून जीपमध्ये कोंबून आलेली पोरं-पोरी. चारचौघांत तोंडातून शब्द फुटायची मारामार. आपा त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवायच्या, 'साहेब' करायच्या आणि आपण बाकावर उमेदवार होऊन बसायच्या. "बैठो ना, लाकूडच आहे, चावत नाही," म्हणायच्या. साहेबाची भीती अशी मोडली की मग दुसरा धडा. मुलाखतीत एक प्रश्न आपणही विचारायचा. आपलं नाव सांगून, अदबीनं... आणि उत्तर येईस्तोवर नजर खाली घालायची नाही.

वैजापूरकडच्या ज्योतीनं एका कंपनीत तसंच विचारलं, ज्या प्रेस मशीनवर मला काम करायचंय तिला हात वाचवणारा गार्ड आहे का? झालं! नोकरी हुकली आणि तुमची पोरं फार बोलतात म्हणून सेंटरला फोन आला. संचालकांनी आपांना माझ्यासमोरच सुनावलं, यांना नोकरीला लावायचंय, वकिलीला नाही. आपा शांतपणे म्हणाल्या, "बोटं तुटल्यावर कोण लावील नोकरीला?" त्यांचा तास बंद झाला. त्यांच्या जागी भिंतीवर टीव्ही आला. त्यातली बाई दात दाखवत सांगते, नेहमी हसत राहा. दोन महिन्यांत आपा हार्ट अटॅकनं गेल्या.

आणि शोकसभा! आपांच्या घरी फोटोला हार घालत नाहीत, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. हार घालून, डोळ्यांना रुमाल लावून संचालक बोलले... आपा म्हणजे सदैव होकार, कधी उलट शब्द नाही. किळस आली मला त्या रुमालाची. मेलेल्या बाईच्या तोंडी 'येस सर' घालायलाही यांना लाज नाही.

तेवढ्यात मागं ज्योती उभी राहिली.

"सर, मी ज्योती. एकच विचारायचंय. आपांना काढलं कशापायी?"

ही ती वेळ नव्हे, म्हणाले. ती उभीच. चहा घेऊन जा सगळे, म्हणाले. ती उभीच. आवाज चढवला नाही की नजर खाली घातली नाही. शेवटी संचालकच उठून आपल्या केबिनमध्ये गेले आणि चहा तसाच गार झाला.

आपांची खुर्ची अजून त्या वर्गात आहे. टीव्हीचा रिमोट ठेवतात तिच्यावर. काल मी वेल्डिंगच्या पोरांना तिथं नेलं, रिमोट उचलून खिशात घातला आणि म्हटलं, बसा एकेक जण. संचालक दारातून बघून गेले. माझीही नोकरी जाईल बहुतेक... जाऊ दे. पहिला पोरगा बिचकत खुर्चीत टेकला, आणि मी समोरच्या बाकावर बसलो.