एच म्हणजे हाव

माझ्या मामेसासऱ्यांच्या तोंडून ‘न्हाई’ हा शब्द ऐकलेला माणूस कुणी दाखवला, तर मी नांदेडहून लातूरला चालत जाऊन त्याला हार घालीन, असं मी लग्नानंतर वर्षभरातच जाहीर केलं होतं. कंधारचं बारसं आणि अर्धापूरचा साखरपुडा एकाच दिवशी असला तरी मामा दोघांनाही ‘हाव, येतो की’ म्हणत, आणि दोन्हीकडे जातही. फक्त ते बारशाला पोचेपर्यंत बाळ रांगायला लागलेलं असे. लातूरकडच्या मुरूडजवळ एका साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, तीही एका थंडगार खोलीत, कपाटाएवढ्या जुन्या मेनफ्रेम संगणकाच्या सहवासात. मामा त्याला ‘म्हातारं’ म्हणत. चपला बाहेर काढून आत जात, दर सोमवारी त्याच्या लुकलुकत्या दिव्यांच्या वर भस्माची तीन बोटं ओढत, आणि खोलीत कुणी आवाज चढवला तर त्याला हाताला धरून बाहेर आणत.

अशा ठिकाणी मी गेलो तो म्हाताऱ्याला निरोप द्यायला. जुनं सगळं नव्या सर्व्हरवर न्यायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. दारातच मामा कुजबुजले, “जावईबापू, नव्या मशीनचं नाव हितं काढू नका. ऐकतंय ते.”

मी मोठ्या ऐटीत आराखडा मागितला. मामांनी लाल कापडात बांधलेली वही सोडली. प्रत्येक प्रोग्रॅमला एक पान, आणि पानावर रकाने: स्वभाव, कुणाशी पटतं, कुणाशी पटत नाही. ऊसनोंदणीच्या प्रोग्रॅमपुढं लिहिलं होतं, ‘गुणी आहे, पण नव्या प्रिंटरशी बोलत नाही.’ “पोरी द्यायच्या म्हंजे आधी घर बघावं लागतंय,” मामा म्हणाले, आणि नव्या सर्व्हरची त्यांनी अशी कसून चौकशी केली, की माझ्या लग्नाच्या वेळी माझीही झाली नव्हती. मला हसू आवरेना. वही मी नुसती चाळली, वाचली नाही.

पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायला आठ दिवस उरले होते. गाळप सुरू होण्याआधी कुणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी लागते, आणि यंदा ती नव्या सर्व्हरवरूनच निघायची होती. पाळी चुकली की ऊस उभ्या जागी वाळतो. चाचणीची यादी निघाली, मामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, “गावंच्या गावं कुठं गेली ओ?” ज्या ज्या शेतकऱ्याच्या नोंदीपुढं एच होतं, ते सगळे मी ‘होल्ड’ समजून थांबवून ठेवले होते. मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले. “होल्ड कशाचा? एच म्हंजे हाव! ऊस देता का इचारलं तर आमचा शेतकरी काय येसचा वाय म्हणतोय? पैल्याच पानावर लिवलंय की!”

लिहिलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तीन दिवस मामा वही वाचत गेले, मी दुरुस्त करत गेलो, आणि मोळीच्या आदल्या दिवशी यादी पुरी निघाली. एकाही गावाची पाळी चुकली नाही.

मग म्हाताऱ्याला बंद करायची वेळ आली. कधीकाळी मामांनीच लिहून ठेवलेला प्रश्न पडद्यावर उमटला: बंद करू का? एच की एन? मामांनी एचवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

“न्हाई, जावईबापू. मला न्हाई जमायचं. तुमीच दाबा.”

मी दाबलं. आता मामा घरीच असतात, लग्नाबारशांना उशिरा पोचतात. नवा सर्व्हर अजून एचला हाव समजतो, तेवढं मी कुणाला बदलू दिलेलं नाही. मामांच्या तोंडून ‘न्हाई’ ऐकलेला माणूस मीच निघालो. हार मात्र मला नको.