साठ मोजेपर्यंतचा धूर

धुरावर इतका जीव लावणारा माणूस मेहकरातच काय, साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. त्या माणसाचा धूर मी हिरावून घेतला, हे मात्र मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ते माझे साडू. थ्रेशरच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं. एकदा माल आणायला म्हणून पुण्याला गेले आणि एक जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. दोनच दारं, बेडकासारखे डोळे आणि पाण्याऐवजी हवेवर थंड होणारं इंजिन, तेही मागच्या बाजूला. माझी मेहुणी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "इंजिन मागं अन्‌ डिक्की समोर! उलट्या खोपडीच्या माणसाले गाडीबी उलटीच भेटली." साडू एवढे खूश होते की त्यांना ते कौतुकच वाटलं.

रोज सकाळी सातला ते गाडी चालू करत. आधी समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारायची, "वहिनी, पापड झाका!" मग किल्ली. मागून निळसर पांढऱ्या धुराचा असा लोट निघे की अर्धी गल्ली दिसेनाशी होई. साडू त्या धुरात उभे राहून मोठ्याने आकडे मोजत. साठच्या आत धूर विरून जाई आणि गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागे. कुणी नावं ठेवली की चिडत. "तिचे सिलिंडर आडवे निजेल असतात. रातभर तेल पाझरते, सकाळी जळते. तुमी उठल्याबरोबर खोकलत नाई काय बे?" पाहुणे आले की चहाआधी धूर दाखवत. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनाही दाखवला. सोयरीक जमली, हे त्या पोरीचं नशीब.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ते पंधरा दिवस लेकीकडे जालन्याला गेले. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "गुरुजी, रोज चालू करजा, धूर गेला का बंद. दुसऱ्या कशाले हात लावू नका." मी चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस. हात न लावणं मला जमलं नाही. एका सकाळी, इंजिन थंड असताना, तेल मोजायची काडी काढून पाहिली तर कोरडी ठणठणीत. तसाच बाजारात गेलो आणि तीन डबे आणून ओतले. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर साठ झाले, सहाशे झाले, धूर थांबेना. रिकामे डबे मी घरी ज्वारीच्या कोठीमागे लपवले.

साडू परतले ते डोळ्याला हिरवं कापड बांधून. त्यांनी आकडे मोजले. दोनशेवर मोजणं सोडून दिलं. "तेल तं मी बरोबर करून गेलतो," ते पुटपुटले. मी शेजारीच उभा होतो. जीपगाड्यांचा एक मिस्त्री आला, नुसता धूर पाहून "पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन संपलं" म्हणाला आणि निघून गेला. महिन्याभरात साडूंनी गाडी नाशिकच्या एका तरुणाला विकली. व्यवहार माझ्या फोनवरून झाला, म्हणून पुढे त्या तरुणाने फोनही मलाच केला. "काका, इंजिन उत्तम आहे. तेल फार झालं होतं, तेवढं काढलं. या गाडीचं तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायचं असतं, थंड असताना काडी कोरडीच दिसते."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

तेव्हापासून साडू सातला ओट्यावर नुसते बसून असत. गल्ली म्हणे, यानंच गाडीची वाट लावली. ते कधी उलटून बोलले नाहीत. गेल्या महिन्यात मला राहवलं नाही. ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून डब्यांपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेलो होतो.

ते म्हणाले, "म्हंजे ते बिमार नव्हती?"

"नव्हती, भाऊ."

"मले वाटे, त्या पोराले मेलेली गाडी देल्ली मी. झोप नाई लागे." मग एकदम माझ्याकडे वळले. "काऊन नाई सांगतलं बे, गुरुजी? सहा वर्षं?"



"लिहून काढा हे," ते म्हणाले. "गल्लीले समजू द्या. अन्‌ आता लावा त्या पोराले फोन."

मी फोन लावला. सुदैवाने तो घरीच होता, आणि गाडी कालपासून उभी होती. त्याला ती चालू करायला सांगून मी फोन ओट्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला. आधी खरखर झाली, मग ती खोकलली, घुमली आणि सुरू झाली. साडूंनी डोळे मिटले आणि मोजू लागले. मीही मोजू लागलो. साठ झाल्यावर ते हळूच म्हणाले, "गेला असन आता."

मी मान वर केली. समोरच्या वहिनी अंगणात उभ्या होत्या. तो आवाज ऐकून त्यांनी बाजेवरच्या पापडांवर लुगडं टाकलं होतं.