सोनाबाईच्या बॅगेतला डबा

नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — हे मी कुठेच बोललेले नाही. देवापुढे मी दुसऱ्याच मागण्या करून निघून येते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि खरं सांगू? दाराची कडी वाजली तर हे असंच अर्धं टाकून मी उठेन.

आधी माझा स्वभाव सांगते. मी चिकट आहे. कुसगावात आमच्या घराच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या साबणाच्या वड्यासुद्धा मी वाया जाऊ देत नाही. घरचे हसतात, मीही हसते. तर — मुलगा आखातात नोकरीला. तिकडे सून बाळंत झाली. बाळ-बाळंतिणीचं करायला तिथे बाई लावायची म्हणजे डोळे पांढरे व्हायची वेळ. मी म्हटलं, त्यापेक्षा आपली सोनाबाईच घेऊन जाऊ, तिकीट धरूनही स्वस्त पडेल.

सोनाबाई कुरवंड्याच्या वरच्या वाडीतली. मालीश करावी, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालावं, ते तिनेच. माझ्या मुलालाही तिनेच न्हाऊ घातलेलं. शिवाय आणखी एक फायदा होता — तिचं सामान ते काय? दोन लुगडी नि एक शाल. तिच्या वाट्याचं वजन सगळं मोकळं! त्यात मी माझं सामान कोंबलं. पापड, भाजणी, मेतकूट, बाळाची दुपटी. जादा वजनाचे पैसे वाचले म्हणून किती खूश होते मी. आणि विमानतळावर कुणी शंका घेऊ नये म्हणून तिला पढवलं, "कुणीही विचारलं तर म्हणायचं, बॅग माझीच, सगळं मीच भरलंय." तिने शाळेतल्या मुलीसारखं ते पाठ केलं. गाडीत घाट उतरताना मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? वजनासाठी असं कितीतरी लोक करतात. हो ना. मीही स्वतःला हेच सांगत आलेय. पण — थांबा, ते मागाहून सांगते. आत्ता तोंडातून निघत नाहीये.

तिकडे उतरलो. माझी बॅग तपासणीतून सरळ गेली. सोनाबाईची बाजूला घेतली, उघडली. आतून स्टीलचा डबा निघाला — सुनेसाठी केलेले डिंकाचे लाडू. एका अधिकाऱ्याने लाडू फोडून बोटांत चोळून बघितला. मग डब्याच्या तळाशी उरलेल्या खसखशीची पुडी सापडली. आणखी दोघं आले. हिंदी जाणणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने विचारलं, बॅग कुणाची?

"माझीच हाय," सोनाबाई म्हणाली. "समदं म्याच भरलंय."

अगदी पढवल्यासारखं. आणि मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं — बरोबर आलं ना, असं.

मी काय केलं? "डबा माझा आहे" एवढंच तर म्हणायचं होतं. मी खाली वाकून पिशवीत चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. वर बघितलं तेव्हा तिला आत नेत होते. आणि मी सामानाची गाडी ढकलत बाहेर चालती झाले.

बाहेर मुलाने विचारलं, सोनाबाई कुठेय? मी म्हटलं, "अडवलंय तिला. घरून काहीतरी घेऊन आली वाटतं." इतकं सहज आलं हे तोंडातून, की माझी मलाच भीती वाटली.

मुलाने खूप धावपळ केली. तरी दोन दिवस ठेवलं तिला. ते दोन दिवस मी नातवाला मांडीवर घेऊन बसले होते आणि दारावरची बेल वाजली की दचकत होते. वाटायचं, आले मला न्यायला. तिचं काय होत असेल, हे मनात यायचं, नाही असं नाही. पण आधी माझं यायचं. शेवटी, नकळत आणलं असेल म्हणून तिला सोडलं आणि तिथूनच परत विमानात बसवलं. एकटीला. बाळ तिने बघितलंसुद्धा नाही.

आता ते मागे ठेवलेलं सांगते. निघायच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला होता. "आई, खसखस चुकूनही आणू नकोस. इथे ती अफूतच धरतात, तुरुंगात टाकतात." तेव्हा तो डबा माझ्या बॅगेत होता. लाडू खसखस घालून वळून झालेले, उरलेली पुडीही आतच. एवढं तूप, खारीक, बदाम — टाकून द्यायचं? माझ्याच्याने होईना. मी डबा बाहेर काढला आणि सोनाबाईच्या बॅगेत ठेवला, पापडांच्या खाली. वजनासाठी नाही. माझ्या बॅगेत जागा होती. सापडलाच तर माझ्याकडे सापडू नये, म्हणून. आणि हे मला तेव्हा, तो डबा ठेवताना, चांगलं कळत होतं.

मुलाला वाटतं, मी त्याचं ऐकलं. गावाला वाटतं, सोनाबाईने परदेशात जाऊन काहीतरी भानगड केली. उर्से गावातल्या एका घरचं बाळंतिणीचं काम तिचं ठरलेलं होतं, ते त्यांनी मोडलं. पोलिसांनी धरलेल्या बाईच्या हातात बाळ कसं द्यायचं, म्हणाले. मी ते ऐकलं आणि चहा गाळत राहिले.

मागच्या महिन्यात ती आमच्याकडे आली. फडक्यात बांधून रानभाजी आणलेली. नातवाचे फोटो बघितले, कौतुक केलं. मग ओट्यावर बसून म्हणाली, "वैनी, येक इचारू? म्या तितं कायतरी चुकीचं बोलले का वो? तुमी शिकीवलं तसंच बोलले. का इसरले कायतरी?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. कुणी अधिकारी नव्हता, तुरुंग नव्हता. ती होती आणि मी होते. तरी मी चष्मा काढून पदराने पुसायला लागले.

मी म्हटलं, "जाऊ दे सोनाबाई. घाबरलीस तू. होतं असं."

"व्हय, लय घाबरले," ती म्हणाली. "म्हंजी माझंच चुकलं आसंल."

आणि मी मान हलवली — हो म्हणून.