शिळा बर्फ

मी चिखली सोडली त्या सकाळी नेमकं नळाला पाणी आलं. दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत ही साधी गोष्ट नसते. रिक्षा दारात उभी, पप्पा माझी बॅग घेऊन खाली, आणि आई मात्र ड्रम घासत बसलेली. परवाचं अर्धा ड्रम पाणी तिनं पायऱ्यांवर ओतून दिलं होतं. ताजं पाणी आलं की आधीचं शिळं, मग ते कितीही नितळ असो, हा तिचा सोलापूरकडच्या गावाहून आणलेला नेम. "ड्रम भरल्याबिगर मी ठेसनावर येत न्हाई," ती म्हणाली, आणि खरंच आली नाही.

पप्पा आले. ते तळवड्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होते. त्या दिवसापुरती त्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती. निरोपाचं बोलणं त्यांना जमत नाही. फलाटावर म्हणाले, "एका मापावर जॉब पास करायचा न्हाई. आन् चुकला तर चुकला म्हणून सांगायचं, पेटीत तळाला दडवायचा न्हाई." जॉब म्हणजे त्यांच्या भाषेत लेथवर घडवलेला लोखंडी भाग. मला मनातून हसू आलं. आईचा राग आला होता, त्यामुळे रडायचं राहूनच गेलं. ते मी गाडीत पुरेपूर भरून काढलं.

हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात पाण्याच्या प्रकल्पावर मला नोकरी लागली होती. आपल्याकडं पवना धरण किती भरलं यावर वर्षाचं पाणी ठरतं. तिथं धरण नाही आणि पाऊसही जेमतेम. हिवाळ्यात डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळाभर वितळत राहतो आणि पाटानं शेतात येतो. म्हणून हिवाळा सरता सरता बर्फ मोजायचा आणि यंदा पाणी किती मिळेल ते गावाला सांगायचं, हे माझं काम. मी सांगेन त्यावर वरच्या शेतात वाटाणा पेरायचा की शेत पडीक ठेवायचं, हे गाव ठरवणार होतं.

मी डोल्मादीदीच्या घरात भाड्यानं राहायचे. तिच्या भिंतीवर बुद्ध होते, आमच्या चिखलीच्या घरातही आहेत, तेवढ्यावर आमचं जमलं. थंडीत नळ गोठले की बर्फ वितळवून पाणी करायचं. पहिल्याच दिवशी मी अंगणातला पांढराशुभ्र, ताजा बर्फ भरून आणला. पातेलंभर बर्फाचं जेमतेम तांब्याभर पाणी झालं. दीदी पोट धरून हसली. तिनं तळातला जुना, साखरेसारखा रवाळ बर्फ खणून आणला, तर निम्मं पातेलं पाणी. मीही हसले, पण आतली चिखली काही केल्या मानेना. शिळा तो शिळाच.

मोजणीसाठी एक लांब पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत खुपसायची, भरलेली बाहेर काढायची आणि वजन करायचं. त्या वजनावरून पाणी कळतं. नळीच्या टोकाला माती चिकटते, ती काढून टाकायची असते. मी माती काढली, आणि तिच्यावरचा करडा, मळकट बर्फही स्वच्छ खरवडून काढला. प्रत्येक जागी, अगदी मन लावून. मग गावाच्या बैठकीत उभी राहून सांगितलं की यंदा पाणी कमी आहे, वरची शेतं पेरू नका.

कुणी वाद घातला नाही. दीदीची दोन्ही शेतं वरच. घरी परतताना ती म्हणाली की मग उन्हाळाभर खाली एखाद्या हॉटेलात कामाला जाईन, मुलीला आजीकडं ठेवीन. "तू मोजलंयस, म्हणजे बरोबरच असणार," असंही म्हणाली.

दोन दिवसांनी आईला फोन केला. नेहमीसारखं विचारलं, पाणी आलं का? "आलं की. आत्ताच शिळं ओतून दिलं, ड्रमाचा तळ घासतीय." ती पुढं बरंच बोलत होती, पण मला ऐकू येत नव्हतं. मी डोंगरावर नेमकं काय करून आले होते, ते मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी दीदीला सोबत घेऊन पुन्हा वर चढले. त्याच जागा, प्रत्येक ठिकाणी तीन-तीन मापं, आणि फक्त माती काढायची. वजन चांगलंच वाढलं. वरच्या शेतांना पुरेल एवढं पाणी त्या टाकून दिलेल्या बर्फातच होतं. बातमी चांगली होती, पण ती सांगायला पुन्हा त्याच लोकांसमोर उभं राहायचं होतं. फलाटावरचे पप्पा आठवले नसते तर मी काहीतरी थाप मारली असती.

बैठकीत सगळं सांगितलं, आईच्या ड्रमासकट. मग एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "तुमच्या गावात एवढं पाणी येतं, की तुम्ही ओतून देता?" मला कबूल करावं लागलं की दिवसाआड येतं. त्यावर अख्खी बैठक जी हसत सुटली, ती थांबेचना. हसू ओसरल्यावर आजोबांनी पुन्हा विचारलं, "आता किती वेळा मोजलंस?" म्हटलं, तीनदा. तेव्हा पेरायचं ठरलं.

त्या उन्हाळ्यात मी रोज पाटावर जाऊन पाणी बघायचे. शेंगा भरेपर्यंत पाट वाहत राहिला. दीदी घरीच राहिली.

यंदा पीक निघाल्यावर सुट्टीवर आले. खरवडून टाकलेल्या बर्फाची गोष्ट पहिल्याच रात्री घरी सांगून झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता उंच इमारती झाल्यात, भाऊ रावेतच्या फ्लॅटमध्ये गेलाय. गल्लीतून माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुमचंही असंच होत असेल: गल्ली ओळखू येत नाही, पण नळाचा आवाज झोपेतही ओळखू येतो. सकाळी पाणी आलं. आईनं शिळं ओतायला ड्रम तिरका केला, माझ्याकडं बघितलं, आणि आधी एक पातेलं भरून घेतलं. त्यात दीदीनं दिलेले सुके वाटाणे टाकले. "भिजवायला शिळं चालतंय," ती म्हणाली. "प्यायलाबी चालतंय," पप्पा पेपरामागून म्हणाले. उरलेलं तिनं पायऱ्यांवर ओतलंच.

पूर्वी घर म्हणजे मला ही खोली वाटायची. आता वाटतं, जिथं 'पाणी आलं का' असं काळजीनं विचारावंसं वाटतं, ते घर. अशी माझी दोन झालीत, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

संध्याकाळी त्या वाटाण्यांची उसळ शिजत असताना दीदीचा फोन आला, वर पहिला बर्फ पडला म्हणून. मी आईला सांगितलं.

"पडू दे," आई म्हणाली. "खालचा तेवढा टाकून देऊ नको."