धाब्यावरची माती

झुलाल गवंड्याने जळगावात कापसाच्या जिनामागे सहा खोल्यांची चाळ स्वतःच्या हातांनी बांधली. पाच भाड्याने दिल्या, सहावीत तो आणि बायको भिकुबाई. वर छत म्हणून मातीचे सपाट धाबे. मृगाआधी मालकाने पाणी न झिरपणारी खारी माती गाडीभर आणायची, भाडेकऱ्यांनी जुनी खरवडून काढायची, नवी पसरून तुडवायची, असा रिवाज. खरवडायला कंबर मोडते. म्हणून ते कोणी केलेच नाही. जुन्यावरच नवी पडत गेली, बावीस वर्षे.

१९४३च्या वैशाखात भाडेकरू तोतारामच्या खोलीतली तुळई तडकली. झुलालने तिला टेकू दिला आणि वर चढून खणून पाहिले. कोपरापर्यंत हात गेला तरी लाकूड लागेना. तडकलेल्या तुळईवर येत्या पावसात ही माती भिजली, तर आतली माणसे जागीच गाडली जाणार होती.

खाली उतरला तो पेटलेलाच. "आठ दिवस खोली मोकळी कर. माती उतारनी शे."

तोताराम प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. तो खाटेवरून हलला नाही. "आबा, आम्ही निंघनूत का तुम्ही कुलूप लावशात. लढाईमुये भाडं दुप्पट व्हयनं शे. आम्हले समजत नही का?"

शेजारची हसीनाबी म्हणाली, "उसकी बात झूठी नहीं आबा. पिछली गल्ली में वैसाच हुआ."

दुप्पट भाडे द्यायला एक माणूस खरेच येऊन गेला होता. झुलालने त्याला ओट्यावर बसूही दिले नव्हते. हे सांगितले तरी कोण मानणार? त्याने तोतारामच्या दाराच्या दोन्ही फळ्या खोबणीतून उचलल्या आणि खाटेपाशी आपटल्या.

"हाई तुन्हं दार. संगे लई जा. आते कुलूप कसाले लाऊ?"

तोतारामचे बिऱ्हाड झुलालच्या खोलीत गेले, झुलाल-भिकुबाई ओट्यावर आली. मग एकेक खोली रिकामी होत गेली, वरची जुनी माती उतरून नवा पातळ थर पडत गेला. हसीनाबीचा नवरा जब्बार न बोलावता फावडे घेऊन चढला. तोताराम मात्र स्वतःची खोली झाल्यावर खाली बसून विड्या ओढत राहिला.

शेवटी झुलालच्या स्वतःच्या खोलीची पाळी आली. तिथेही माती तेवढीच जाड. हे पाप कोणावर ढकलता येईना. तो दात खाऊन खणत सुटला. आभाळ भरून आले होते.

"तोतारामले हाक मारू का?" जब्बारने विचारले.

"कोनी मारू नका. त्याले डोया शेतस."

थोड्या वेळाने शिडी वाजली. तोताराम टोपली घेऊन वर आला, अर्धी भरली आणि उचलायला वाकला. झुलालने त्याच्याकडे पाहिले नाही. फक्त फावड्याने ती काठोकाठ भरली, वरून दोनदा दाबली आणि म्हटले, "आते उचल."

तोतारामने उचलली. पहिला थेंब पडला तेव्हा धाब्यावर शेवटचा कोपरा खणायचा उरला होता.