पुण्याच्या परिषदेला ज्वारीचं पोस्टर

प्रणालीला पुण्याच्या संशोधन परिषदेला न्यायचं ठरवलं, तेव्हा एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली. मी स्वतः अशा परिषदेला कधीच गेले नव्हते. मोहोळजवळच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रणाली नुकतीच बीएस्सी झालेली. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, अभ्यास सगळा विहारातल्या अभ्यासिकेत. बोअरच्या खारट पाण्यावर ज्वारीचं कुठलं बियाणं तग धरतं, हे आम्ही दोघींनी वर्षभर चहाच्या कपांत पेरून पाहिलं. परिषदेत काम कुणाच्या नजरेत भरलं, तर पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत वर्षभराची जागा मिळू शकते. त्यासाठीच निघालो.

सकाळी सहाची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची काळजी नको. काळजी करायची तर हडपसरची करा. तिथे आयटीवाल्यांच्या बसगाड्यांत अडकलो आणि स्वारगेटला पोचायला तासभर गेला.

"मॅडम, एवढी माणसं रोज कामाला जातात?" प्रणालीने विचारलं.

"निघतात. पोचतात का ते माहीत नाही."

मुक्काम नारायण पेठेतल्या लॉजवर. जागा स्वच्छ, दर परवडणारा. मालकांचं स्वागत असं: "गरम पाणी सहा ते सात. नंतर थंडच असतं, सांगायला येऊ नका."

दुसऱ्या दिवशी परिषद. पोस्टर मी गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतलं होतं. त्याने सवयीने कोपऱ्यांना पितळी रिंगा ठोकल्या आणि खाली, न सांगता, 'शुभेच्छुक : विज्ञान मंडळ' असं टाकलं. मला ते शोभूनही दिसलं होतं. दारातली स्वयंसेविका म्हणाली, "मॅम, हा बॅनर गेटवर लावायचाय ना?"

आत सगळ्यांची पोस्टरं कागदाची, टाचण्यांनी लावलेली. फ्लेक्सचं वजन टाचण्यांना पेलेना. प्रणालीने आमच्या दोघींच्या गळ्यातली ओळखपत्रं काढली, त्यांच्या नाड्या रिंगांतून ओवल्या आणि फ्लेक्स बोर्डाला बांधला.

तासभर कोणी थांबलं नाही. लोक लांबून 'शुभेच्छुक' वाचत, हसत आणि पुढे जात. एवढ्या गर्दीत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्यामुळे पोरीचं हसं होत होतं.

मग पिकल्या केसांच्या एक शास्त्रज्ञ बाई थांबल्या. "सहाव्या दिवशी हे कोंब का मेले?"

"अजून कळलं नाही," प्रणाली म्हणाली. "पण आधी मुळं गेली, पानं नंतर. रोजचं लिहिलंय मी."

दोघी वही उघडून तिथेच जमिनीवर बसल्या. शेजारच्या प्राध्यापकांनी मला विचारलं, "आपण मुलीच्या आई का?"

"नाही, शिक्षिका."

"अच्छा," म्हणाले आणि चहाला गेले.

संध्याकाळी प्रणाली धावतच आली. "मॅडम, त्या म्हणतात सोमवारपासून ये. वर्षभर. हॉस्टेलपण आहे. राहू का?"

ह्याचसाठी आलो होतो. तरी मला नाही म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. गावात ज्वारीच्या मुळांबद्दल बोलायला मला दुसरं कोणी नाही. 'आधी घरी चल, मग बघू' एवढं म्हटलं असतं, तरी ती मुकाट गाडीत बसली असती.

"राहा," मी म्हटलं. "आईशी मी बोलते." आणि मग राहवलं नाही. "मीही पहिल्यांदाच आलेय गं अशा ठिकाणी."

"माहितीये मॅडम. फ्लेक्स बघितला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणला होता."

सकाळी स्वारगेटवरून एकटी निघाले. तुम्ही मुलांना नेणार असाल, तर आयोजकांना पोस्टरचं माप आधी विचारा, कागदावर छापा, आणि परतीच्या गाडीत वाचायला काहीतरी ठेवा. मी ठेवलं नव्हतं. शेजारची रिकामी सीट इंदापूरपर्यंत कोणी घेतली नाही.

पुणं कसं वाटलं, असं इथे सगळे विचारतात. लॉज, हॉल आणि स्टँड, एवढंच मी पाहिलं. कॉलेज सुटल्यावर अजूनही प्रयोगशाळेत बसते, कपांना पाणी घालते, आकडे मांडते. दाखवायला कोणी नसतं.

गेल्या रविवारी प्रणालीचा फोन आला. मिठामुळे मुळाच्या पेशीत नेमकं काय बिघडतं, असं तिने विचारलं.

"ते मला येत नाही गं. तिथल्या मॅडमना विचार."

"विचारलं. मला कळलंय. म्हणून तर तुम्हाला फोन केला. लिहून घ्या."

मी पेन शोधलं. पहिली दोन वाक्यं डोक्यावरून गेली.

"थांब," मी म्हटलं, "पहिल्यापासून सांग."